आरोग्य विमा प्रश्नोत्तरे : साखर लपवू नका, हप्ता वाढला तरी चालेल

आरोग्य विम्याबद्दल वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत त्याच त्या शंका फिरून फिरून येतात. एजंट असं म्हणाला, सोसायटीच्या ग्रुपवर तसं वाचलं, मेव्हण्याच्या क्लेमला अमुक झालं. ऐकीव माहितीवर लोक पॉलिसी घेतात आणि ती पहिल्यांदा उघडतात तेव्हा हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर उभे असतात. म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहे. मी पॉलिसी विकत नाही आणि कोणत्याही कंपनीचं नाव सुचवत नाही, त्यामुळे "सगळ्यात चांगली कंपनी कोणती" असं विचारणाऱ्यांना इथे उत्तर मिळणार नाही.

प्रश्न : मी ऑगस्ट २०२५ मध्ये पॉलिसीचं नूतनीकरण केलं, १८ टक्के जीएसटी भरला. सप्टेंबरात तो माफ झाला. भरलेला कर परत मिळेल का? (गृहिणी, कोथरूड)

नाही. माफी २२ सप्टेंबर २०२५ पासून आहे आणि तुमची पावती त्याआधीची आहे. पुढच्या नूतनीकरणाला कर लागणार नाही. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीला ही माफी लागू नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : वय ३१, हिंजवडीत नोकरी. कंपनीची पाच लाखांची पॉलिसी आहे, त्यात आई-वडीलही आहेत. मग स्वतःची वेगळी पॉलिसी घेऊन पैसे का घालवायचे?

कारण ती पॉलिसी तुमची नाही, कंपनीची आहे. नोकरी सुटली की ती जाते, आणि पुढच्या वर्षी आई-वडिलांना त्यातून वगळायचं का, हे ठरवताना तुम्हाला कुणी विचारत नाही. तिशीत निरोगी असताना घेतलेल्या पॉलिसीचे प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ठरावीक आजारांचे क्लेम मिळत नाहीत ती सुरुवातीची वर्षं, निरोगी असतानाच संपून जातात. "पस्तिशीला बघू" म्हणणाऱ्यांना पस्तिशीत थायरॉइड निघतं आणि मग मला पत्र येतं.

नोकरी सोडताना ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला काळ धरला जातो. पण ही विचारणा राजीनाम्याच्या नोटीस काळातच एचआरकडे लेखी करा. शेवटचा दिवस उलटल्यावर एचआर मेलला उत्तर देईल याची खात्री नसते. पालकांसाठी काय घ्यावं हे त्यांचे आजार आणि वय पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, त्यांची कागदपत्रं घेऊन माहितगार माणसाला भेटा.

प्रश्न : विमा पाच लाखांचा, बिल झालं तीन लाखांचं. तरी कंपनीने ९० हजार कापले. विमा रकमेच्या आत बिल असताना कापाकापी कशी? ही सरळ फसवणूक नाही का? (वारजे)

तुम्ही पाठवलेलं बिल आणि पॉलिसी दोन्ही पाहिली. फसवणूक नाही. पॉलिसी विकताना एक ओळ सांगितली गेली नाही, आणि ती ओळ तुम्हीही वाचली नाही. तुमच्या पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का आहे, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, पाच दिवसांसाठी. भाड्यातला फरक १५,००० तुमच्या खिशातून गेला, इथपर्यंत सगळ्यांना समजतं. पुढचं कुणी सांगत नाही. बहुतेक हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळ्याचे दर वाढतात. म्हणून कंपनी हे खर्चही त्याच प्रमाणात देते. ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के. तुमचे असे खर्च दोन लाख होते, मिळाले सव्वा लाख, कापले गेले ७५,०००. अधिक भाड्याचे १५,०००. झाले ९० हजार.

उरलेले साठ हजार औषधं आणि तपासण्यांचे होते. ते पूर्ण मिळाले आणि मिळायलाच हवे होते. औषधं, शरीरात बसवलेलं इम्प्लांट, निदान चाचण्या आणि आयसीयूचं भाडं यांवर ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, असा नियामकाचा म्हणजे आयआरडीएआयचा नियम आहे. कुणाच्या बिलात ती लावली असेल तर लेखी तक्रार करा.

ॲडमिट होताना हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) एकच गोष्ट विचारा : "माझ्या पॉलिसीत कोणत्या वर्गाची खोली बसते?" उत्तर कागदावर घ्या. आणि पुढच्या नूतनीकरणाआधी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी परवडते का, ते तपासून घ्या.

प्रश्न : माझं वय ५८. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्यांवर साखर आटोक्यात आहे. दहा लाखांची पॉलिसी घ्यायची आहे. एजंट म्हणतो, "फॉर्मवर साखर लिहू नका, उगाच मेडिकल लागेल, हप्ता वाढेल. पाच वर्षं निघाली की कंपनी काही करू शकत नाही." हे खरं आहे का? (सिंहगड रस्ता)

लिहा. आणि हा सल्ला देणाऱ्या माणसाकडून पॉलिसी घेऊ नका.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण यात अर्धं सत्य आहे. एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षं होती. एजंट इथेच थांबतो. त्याच नियमातला अपवाद तो सांगत नाही : फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण नाही. "सलग" या शब्दाचा अर्थही तो सांगत नाही. हप्ता चुकून पॉलिसी खंडित झाली तर मोजणी नव्याने. तिसऱ्या वर्षी विमा रक्कम दहाची पंधरा लाख केली, तर वाढवलेल्या पाच लाखांसाठीही नव्याने. आणि वयाच्या ५८ ते ६३ या पाच वर्षांत मधुमेही माणूस हॉस्पिटलची पायरी चढणार नाही, याची हमी तो एजंट देणार आहे का?

आता हे उघडकीला कसं येतं ते सांगते. क्लेमचे कागद तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्यात कंपनीला गुप्तहेर लावावा लागत नाही. मध्यरात्री छातीत दुखतं म्हणून रुग्णाला इमर्जन्सीत आणतात. निवासी डॉक्टर पहिल्या दोन मिनिटांत विचारतात, "शुगर, बीपी काही?" मुलगा घाबरलेला असतो, तो खरं बोलतो आणि तेच बरोबर असतं : "हो, शुगर आहे, आठ वर्षं झाली." डॉक्टर केसपेपरवर लिहितात, "के/सी/ओ डीएम, आठ वर्षं." केसपेपरच्या भाषेत, आठ वर्षांपासून ज्ञात मधुमेही. हीच ओळ डिस्चार्ज कार्डावर उतरते. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची, फॉर्मवर मधुमेहासमोर "नाही". तपासणाऱ्याला एवढं पुरतं. कॅशलेस थांबतं आणि टीपीएकडून पत्र येतं : पहिल्या निदानाची कागदपत्रं पाठवा.

यानंतर जे घडतं ते सर्वांत वाईट. नातेवाईक फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन "दीड वर्षापासूनच मधुमेह आहे" असं पत्र मागतात. तिकडे लॅबचे जुने रिपोर्ट, मेडिकल स्टोअरची बिलं आठ वर्षांची असतात. असं खोटं पत्र जोडलं की विसरभोळेपणाची सबब संपते आणि प्रकरण फसवणुकीच्या अपवादात जाऊन बसण्याची वाट तयार होते. ज्या पाच वर्षांच्या भरवशावर सगळं केलं, तो भरवसाही मग उरत नाही. अशी पत्रं देणाऱ्या डॉक्टरांनाही माझी कळकळीची विनंती आहे, देऊ नका. तुम्ही रुग्णाचं भलं करत नाही.

खरं लिहिलं तर काय होईल? वैद्यकीय तपासणी होईल. हप्त्यावर काही वाढ लागेल. मधुमेह आणि त्यातून उद्भवणाऱ्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी लागेल आणि तो आता जास्तीत जास्त ३६ महिनेच असू शकतो, पूर्वी ४८ होता. काही पॉलिसींत जास्त हप्ता घेऊन तो आणखी कमी करतात. या काळात डेंगी झाला, न्यूमोनिया झाला, तर पहिल्या ३० दिवसांनंतर संरक्षण आहे. अपघाताला पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे तीन वर्षं एका आजारापुरती थांबायची, की पाच वर्षं सगळ्याच क्लेमची धास्ती बाळगायची, एवढाच हा हिशेब आहे. एखादी कंपनी नकारही देईल. मग दुसरीकडे अर्ज करा, पण तिथेही खरंच लिहा.

फॉर्म स्वतः भरा. हल्ली एजंट मोबाइलवर भराभर "नाही, नाही, नाही" दाबत जातो आणि तुमच्याकडून ओटीपी घेतो. तो ओटीपी म्हणजे तुमची सही. पॉलिसीसोबत भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत येते, ती उघडून आजारांचा रकाना बघा. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस ती परत करण्याची मुभा आहे, म्हणजे वाचायला पुरेसा वेळ आहे. चुकीचं काही दिसलं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. "आधीचा आजार" या व्याख्येत पॉलिसीपूर्वीच्या ३६ महिन्यांतलं निदान किंवा उपचार धरले जातात. पण फॉर्मवर "कधीही झालं होतं का" असं विचारलं असेल तर दहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशनही लिहा. जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर द्यायचं.

ज्यांनी आधीच लपवलं आहे, त्यांनी हातावर हात ठेवून साठ महिने मोजत बसू नये. कंपनीला कळवता येतं. त्यावर हप्ता वाढू शकतो, प्रतीक्षा लागू शकते, पॉलिसी रद्दही होऊ शकते. म्हणून कळवण्याआधी पॉलिसी, फॉर्मची प्रत आणि जुने रिपोर्ट घेऊन कमिशनवर न चालणाऱ्या सल्लागाराला भेटा. पण या महिन्यात भेटा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. पासष्टीनंतर विमा मिळत नाही असं सगळे सांगतात. (सदाशिव पेठ)

"सगळे" चुकीचं सांगतात. प्रवेशाच्या वयाची ती अट एप्रिल २०२४ पासून नाही. हप्ता मात्र जड असेल. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा दिलासा आहे. पॉलिसी घेण्याआधी वडिलांचं आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांची सोय आहे. ते सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएसचे (माजी सैनिकांची) लाभार्थी असतील तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं, तेव्हा आधी चौकशी करा. तुमचं नेहमीचं हॉस्पिटल योजनेत आहे का, हे आजच बघून ठेवा.

प्रश्न : आमचं रेशनकार्ड पांढरं. फुले योजना आमच्यासाठी नाही ना? (हडपसर)

आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, पांढऱ्या कार्डासकट. मर्यादाही दीड लाखाची पाच लाख झाली आहे. हॉस्पिटल योजनेतलं हवं आणि उपचार योजनेच्या यादीत हवा. हॉस्पिटलमध्ये शिरल्यावर डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. पैसे भरून, बिल घेऊन, मग योजनेत बसवा म्हणणाऱ्यांचं पुढे काही होत नाही.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. धर्मादाय हॉस्पिटलांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखीव आहेत. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. पुण्यात अशी मोठी हॉस्पिटलं बरीच आहेत. "खाट शिल्लक नाही" असं तोंडी सांगितलं तर तिथल्या समाजसेवकाकडून लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात दाद मागा.

प्रश्न : दुचाकीला विमा सक्तीचा, मग माणसाला का नाही? सरकारने कायदाच करावा, हप्ता न भरणाऱ्याला दंड करावा, असं मला वाटतं. तुमचं मत? (निवृत्त अधिकारी, बाणेर)

दुचाकीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. वाहनाला सक्ती आहे ती तृतीय पक्षाच्या विम्याची. तुमच्या गाडीने ज्याला इजा होईल त्याच्यासाठी ती आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आजही ऐच्छिक आहे.

पण तुमच्या प्रश्नामागचा विचार बरोबर आहे. विमा ऐच्छिक असला की निरोगी तरुण बाहेर राहतात, आजारी माणूस धावत येतो, हप्ते वाढतात, मग आणखी निरोगी माणसं बाहेर पडतात. हे चक्र तोडायला काही देशांनी सक्ती केली. जर्मनीत कामगारांसाठी ती १८८३ मध्येच आली. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला मूलभूत विमा घ्यावाच लागतो. अमेरिकेने २०१० च्या कायद्याने विमा न घेणाऱ्यावर दंड ठेवला, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो कर म्हणून वैध ठरवला आणि २०१९ पासून केंद्राच्या पातळीवर तो दंड शून्य झाला.

यातली दुसरी बाजू लोक विसरतात. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकाला नाही म्हणता येत नाही, तसं मूलभूत विम्यासाठी कंपनीलाही कुणाला नाही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यातही आधीच्या आजारावरून नाकारायला बंदी आणि कमी उत्पन्नवाल्यांना अनुदान, ही दोन कलमं दंडाच्या जोडीला होती. सिंहगड रस्त्याच्या ज्या वाचकाला मी साखर लिहा म्हणून सांगितलं, त्याला आपल्याकडे एखादी कंपनी आजही नकार देऊ शकते. ज्याला दारातून परत पाठवता येतं त्याला आत आला नाही म्हणून दंड करणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आधी कंपन्यांवर सक्ती करा. एक प्रमाणित मूलभूत पॉलिसी, आजार असला तरी नकार नाही, आणि हॉस्पिटलांच्या दरांवर काही तरी मर्यादा. २०२० ची आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी त्या दिशेचं एक पाऊल होतं, पण नकाराचा अधिकार तिनेही काढून घेतला नाही.

आणि आपल्याकडे सक्ती अजिबात नाही असंही नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कामगार विमा योजना सक्तीचीच आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. तिथे आजारावरून कुणाला बाहेर ठेवत नाहीत, कुटुंबही आत असतं. पण वेतनाची मर्यादा महिन्याला २१ हजार आहे, ती २०१७ पासून तेवढीच आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ओव्हरटाइम न धरताही वेतन त्यापुढे गेलं की कामगार योजनेतून बाहेर पडतो आणि खुल्या बाजारात पन्नाशीचा, रक्तदाब असलेला ग्राहक म्हणून उभा राहतो. दंडाचा नवा कायदा करण्याआधी ही मर्यादा वाढवावी, म्हणजे आहे ती सक्ती तरी लोकांच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : गृहकर्ज घेताना बँकेने आरोग्य विमाही घ्यायला लावला. "सरकारी नियम आहे" म्हणाले. (पिंपळे सौदागर)

असा कोणताही नियम नाही. पॉलिसी मिळून ३० दिवस झाले नसतील तर परत करा. हप्ता कर्जाच्या रकमेत घातला आहे का, ते मंजुरीपत्रात बघा. तसं असेल तर त्या रकमेवर तुम्ही व्याजही भरताय. बँकेला लेखी विचारा की कोणत्या नियमाने.

प्रश्न : आईचा क्लेम नाकारला. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं, त्यांनीही नकार कळवला. त्याला दहा महिने झाले. आता काही करता येईल का? (बिबवेवाडी)

येईल, पण दहा महिने कशाची वाट पाहिली? विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायची मुदत कंपनीच्या त्या उत्तरापासून एक वर्ष आहे. लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, अर्ज ऑनलाइनही होतो. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांची मुदत आहे, पण एकाच वादासाठी दोन्हीकडे एका वेळी जाता येत नाही. तुमच्या प्रकरणात कोणतं बरं, हे नकाराच्या पत्रातल्या कलमावर अवलंबून आहे आणि ते पत्र तुम्ही मला पाठवलेलं नाही. तुमचा अकरावा महिना चालू आहे. नकाराचं पत्र, तक्रार विभागाचं उत्तर, पॉलिसी आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती काढा आणि याच आठवड्यात ग्राहक पंचायतीच्या मार्गदर्शन केंद्रात किंवा विम्याची कामं करणाऱ्या वकिलाला दाखवा.